प्रीतिसंगमावर भेळ, आणि एक आगाऊ प्रश्न

मुंबई-पुण्याच्या पब्लिकला कराड माहीत असतं ते हायवेवरचा बोर्ड म्हणून. कोल्हापूरला तांबडा-पांढरा हाणायला निघालेल्या गाड्या इथे थांबतच नाहीत. थांबा, बॉस! पुण्यापासून जेमतेम १६० किलोमीटर. आत वळलात की कृष्णा आणि कोयना, दोघी महाबळेश्वरच्या लेकी, समोरासमोर येऊन भेटतात आणि एकत्र पूर्वेला निघतात. नद्या सहसा बाजूने येऊन मिळतात. इथे थेट गळाभेट. म्हणून प्रीतिसंगम. घाट, बाग, यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि संध्याकाळची भेळ... वीकेंडचा परफेक्ट मेनू!

भेळ खाताना मी शेजारच्या काकांना एक आगाऊ प्रश्न विचारला, ‘काका, गावाचं सांडपाणी जातं कुठे?’

‘जायचं कुठं? खाली सांगलीला!’ काका हसले. ‘माझी लेकच दिलीय तिकडं.’

खरंच, सांगली-मिरजेचे नळ याच कृष्णेवर चालतात. आणि कराड म्हणजे काही ऐरंगैरं गाव नाही. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत ते देशात पहिलं आलं. भुयारी गटार आहे, शुद्धीकरण केंद्र आहे. शेजारचं मलकापूर तर चोवीस तास मीटरने पाणी देण्यासाठी फेमस. पण मीटर असतो तो घरात येणाऱ्या पाण्याला. बाहेर जाणाऱ्याला कोण विचारतं?

हिशोब करून बघा. सरकारी नियोजनात शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं ८० टक्के मोरी-संडासातून बाहेर पडतं. म्हणजे माणशी १०८ लिटर. पन्नास हजार वस्तीचं गाव धरलं तर रोज ५४ लाख लिटर. दहा हजार लिटरचे ५४० टँकर, रोज!

ते साफ करण्याचा फंडा तसा साधा आहे. आधी जाळीत चिंध्या, प्लास्टिक, शाम्पूची पाकिटं अडकतात, मग वाळू खाली बसते. पुढच्या टाकीत खरे कामगार, म्हणजे जिवाणू. ब्लोअरने हवा सोडायची; ते घाण खातात, वाढतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. वरचं पाणी क्लोरिन मारून सोडायचं. नदी वाहता वाहता सावकाश जे काम करते तेच इथे काही तासांत उरकायचं. गोम एवढीच, की या कामगारांना सुट्टी देता येत नाही. लाइट गेली आणि जनरेटरला डिझेल नसलं की हवा बंद, जिवाणू गुदमरायला लागतात. म्हणून छोट्या नगरपालिकेला केंद्र बांधणं सोपं (अनुदान मिळतं, फीत कापता येते), चालवणं अवघड. लाइट बिलाची फीत कोण कापणार?

ही घाण कुजायला किती ऑक्सिजन लागेल त्या मापाला म्हणतात बीओडी. घरगुती मैलापाण्यात तो लिटरला २००-३०० मिलिग्रॅमपर्यंत असतो. आंघोळीच्या नदीत ३ च्या वर नको, असा नियम. पावसाळ्यात नदी सगळं पोटात घेते. उन्हाळ्यात कसं घेणार? कोयना धरणाचं बरंचसं पाणी वीज करून पश्चिमेला, वाशिष्ठीत उतरतं. पूर्वेला जे सुटेल त्यावर खालची शेती, कारखाने आणि नळ. पात्र आटलं की त्यात नाल्याचा वाटा वाढतो. सांगलीच्या शेरीनाल्यावर तर वर्षानुवर्षं आंदोलनं झाली, बातम्या झाल्या. आणि त्याही खाली नरसोबाच्या वाडीला भाविक बुडी मारतात, ओंजळीने तीर्थ घेतात.

फोटोसाठी जानेवारी बेस्ट. नदी बघायची असेल तर मात्र मे महिन्यात जा. पाणी उतरलेलं असतं, कुठून कुठला नाला येऊन मिळतो ते नीट दिसतं. गाडी पुण्याला न वळवता तशीच खाली घ्या. वाटेत औदुंबर, सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते, मग वाडी. तिथली बासुंदी आणि कवठाची बर्फी विसरू नका.