अप-डाउन

परवा कपाट आवरताना 2021 ची डायरी सापडली. डायरी म्हणजे काय, एका विमा एजंटाने दिलेली. तिच्यात कविता वगैरे काही नाहीत (घरच्यांनी निश्चिंत असावं), पेट्रोलचा हिशेब आहे. तारीख, लिटर, भाव आणि पुढे 'मी' किंवा 'तो'. 'तो' म्हणजे माझा अप-डाउनचा पार्टनर.

विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. नोकरी एका गावात, बिऱ्हाड दुसऱ्या गावात आणि रोज सकाळी जाऊन संध्याकाळी परत, याला आमच्याकडे 'अप-डाउन करणं' म्हणतात. लग्नाच्या बैठकीतसुद्धा विचारतात, "मुलगा तिथंच राहते का अप-डाउन करते?" मी यवतमाळ ते दारव्हा करतो. घराच्या फाटकापासून शाळेच्या फाटकापर्यंत 45 किलोमीटर. शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे हिशेबाची खोड जन्मजात नसली तरी पगारी आहे.

तर गणित असं. जाऊन-येऊन 90 किलोमीटर. माझी गाडी लिटरला पन्नास देते, म्हणजे रोज 1.8 लिटर. भाव 105 धरला तर 189 रुपये. महिन्याचे 24 दिवस धरा, साडेचार हजार झाले. पार्टनर असला की निम्मे, म्हणजे 2,270 च्या आसपास. त्याचं ऑफिस दारव्ह्यातच, माझ्या शाळेच्या अलीकडे. एक आठवडा माझी गाडी, माझं पेट्रोल. एक आठवडा त्याची. इतकी वर्षं हे चाललं ते आमच्या मैत्रीमुळे, असं लोकांना वाटतं. खरं तर ते दोन हजार रुपयांमुळे चाललं आहे.

बाकी काटकसरीचे सगळे प्रयोग करून झाले. पन्नासच्या वर काटा न्यायचा नाही, हा सर्वांत फायद्याचा. घरून दहा मिनिटं लवकर निघावं लागतं, बस. टायरमध्ये हवा दर आठवड्याला, चेन ढिली ठेवायची नाही. पहाटे थंडीत पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, हे पार्टनरचं शास्त्र. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट काय नि दुपार काय, हे मी त्याला निदान शंभरदा सांगितलं असेल. तो ऐकतो आणि पहाटेच भरतो. उतार लागला की गाडी बंद करायचा त्याचा नाद मात्र मी भांडून सोडवला. पेट्रोलचे चार रुपये वाचवणारा हा माणूस दिवसाला तीन खर्रे खातो. असो.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी, तेव्हा ॲव्हरेज थोडं पडणार. आमचं पडलं. थोडंच पडलं, पण हिशेब ठेवणाऱ्याला थोडंही दिसतं.

एसटीचं काय, असं नागपूरची आत्या दर फोनला विचारते. तेही मांडून पाहिलं आहे. 2025 च्या जानेवारीत भाडं सुमारे 15 टक्के वाढलं, आता साध्या गाडीचं एका बाजूचं तिकीट ऐंशीच्या आसपास पडतं. मासिक पास काढला तर 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस फिरता येतं, म्हणजे सव्वातीन हजारांच्या जवळ. एकट्याच्या मोटारसायकलपेक्षा स्वस्त, दोघांच्या मोटारसायकलपेक्षा महाग. बायकांचं गणित वेगळं. 2023 च्या 17 मार्चपासून त्यांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या मॅडमलोकांनी भाड्याने लावलेली व्हॅन पुढच्याच महिन्यात बंद केली. त्यांचं आता दोन हजारांच्या आत भागतं, बसायला जागा मिळाली तर मटार सोलून होतात. हेवा वाटतो.

मी सांगायला बसलो होतो ते डायरीबद्दल. तिच्यातलं 2021 च्या नोव्हेंबरचं पान.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पेट्रोलने शंभरी ओलांडली. त्याच्या आदल्याच वर्षी, 2020 च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेत कच्च्या तेलाच्या सौद्यांचा भाव शून्याखाली गेल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली होती. आपल्या पंपावर त्याचं काही उतरलं नाही, कारण भाव पडला तसा कर वाढला. पुढे दिवाळीत केंद्राने पाच रुपये कमी केले, तरी एकशे दहाच्या घरात होतंच. आणि नेमका तेव्हाच एसटीचा संप पेटला. शासनात विलीनीकरण हवं म्हणून कर्मचारी बसले होते. आमच्या ओळखीतल्या कंडक्टरची पगाराची रड मला माहीत होती, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचं तोंड नव्हतं. संप 2022 च्या एप्रिलपर्यंत लांबला. शाळा मात्र नुकत्याच उघडल्या होत्या.

आमच्या शाळेत तेव्हा एक शिक्षणसेवक होते. सगळे त्यांना 'धाकटे सर' म्हणायचे. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन तेव्हा महिना 8,000 होतं. (ते 18,000 झालं 2023 मध्ये, यांची तीन वर्षं संपल्यावर.) घरी एकच जुनी मोटारसायकल, ती भावाला शेतात लागायची. हे एसटीने येत. एसटी थांबली तेव्हा काळी-पिवळीवाल्यांनी दीडपट घ्यायला सुरुवात केली. गाडी मिळवून स्वतः चालवली असती तरी महिन्याला पावणेपाच हजारांचं पेट्रोल. आठ हजारांतून वजा करा. मुलांना मी असली गणितं घालतो, उत्तर येतं 3,250, आणि पुढच्या गणिताकडे वळतो.

एका मधल्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले. "सर, तुमच्या गाडीवर मागं जागा..." म्हणाले आणि स्वतःच थांबले. गाडीवर आम्ही दोघं असतो हे त्यांना माहीत होतं. पार्टनरची जुनी मोटार घरी उभी होती, ती काढली असती तर चौघं बसलो असतो. त्या रात्री मी डायरीत मांडलं. मोटार लिटरला अठरा देते. 90 किलोमीटरला 5 लिटर, 550 रुपये. चौघांत 137. गाडीवर दोघांत 99. म्हणजे रोज 38 रुपये जास्त, महिन्याचे नऊशे. खाली मी दोन रेघा ओढल्या आहेत, गणिताच्या मास्तराने उत्तराखाली ओढाव्या तशा. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हणालो, "परवडत नाही हो सर." ते म्हणाले, "हो न, बरोबर आहे."

हे इतपत ठीक होतं. खोटं काही नव्हतं त्यात.

पुढचं डायरीत नाही. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पार्टनर रजेवर होता. मी एकटा निघालो. लोहाऱ्याजवळ रस्त्याच्या कडेला धाकटे सर उभे दिसले, पाठीला सॅक, मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत. माझी मागची सीट रिकामी. आज बसवलं तर उद्या पार्टनर आल्यावर काय सांगायचं, हा विचार मनात आला, आणि त्याच्या मागोमाग दुसराही आला की आजचं पेट्रोल तर सगळं माझं आहे. दोन्ही मिळून चार सेकंद लागले असतील. समोरून एक ट्रक येत होता. मी अगदी लक्ष देऊन त्या ट्रककडे पाहिलं आणि पुढे गेलो. पन्नासच्या वर काटा न नेणारा मी, त्या दिवशी बोरी अरब येईपर्यंत साठावर होतो.

सर पाऊण तास उशिरा आले. मस्टरवर उशिराची लाल खूण झाली. काही बोलले नाहीत.

महिनाभरात त्यांनी दारव्ह्यात दीड हजारांत खोली घेतली. बायको आणि दोन वर्षांची मुलगी यवतमाळलाच, आईजवळ. शनिवारी जायचे, सोमवारी यायचे.

मला तेव्हा बाबांची आठवण आली होती. बाबा दारव्ह्याला एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. तेही असेच, सोमवार ते शनिवार खोलीवर आणि रविवारी घरी. यायचे शकुंतलेने. यवतमाळ-मूर्तिजापूर 113 किलोमीटरची ही नॅरोगेज इंग्रजांनी आमचा कापूस वाहून न्यायला टाकली. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं, ते 1994 पर्यंत चाललं, मग डिझेलचं आलं. तिकीट एसटीच्या मानाने अगदीच किरकोळ, पण गाडी इतकी सावकाश की तिने रोज जाऊन-येऊन नोकरी करणं अशक्य. त्यामुळे बाबांच्या पिढीत अप-डाउन हा शब्दच नव्हता. 1973 मध्ये तेल भडकलं तेव्हा वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. बाबा ती गोष्ट सांगून हसायचे. म्हणायचे, आपल्याला काय फरक पडला, आपण बैलगाडीतूनच उतरलो नव्हतो.

आमचं 45 किलोमीटरचं आयुष्य पेट्रोल स्वस्त होतं तेव्हा आखलं गेलं. गाड्या हप्त्याने मिळायला लागल्या, यवतमाळला प्लॉट घेतले, मुलांना तिथल्या शाळांत घातलं. पेट्रोल महागलं म्हणून प्लॉट उचलून दारव्ह्याला नेता येत नाही. मग हवा तपास, चेन तपास. शकुंतला तर आता बंदच आहे. नवी वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज दारव्ह्यावरूनच जायची आहे. तिचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा 2024 च्या 28 फेब्रुवारीला सुरू झाला. माझ्या निवृत्तीआधी ती दारव्ह्याला पोचली तर पहिल्या दिवशी पास काढीन.

धाकटे सर 2022 च्या अखेरीस कायम झाले. मला वाटलं आता गाडी घेऊन अप-डाउन सुरू करतील. त्यांनी उलटंच केलं. दारव्ह्यातच थोडं मोठं घर भाड्याने घेतलं, आईसकट सगळ्यांना तिकडे नेलं. पायी शाळेत येतात, सात मिनिटं लागतात म्हणे. पेट्रोलचा खर्च शून्य.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी असा कोसळला की निघणं शक्य नव्हतं. सर मला आग्रहाने घरी घेऊन गेले. वहिनींनी भजी तळली. कपडे वाळेपर्यंत बसलो होतो, आणि काय झालं कोण जाणे, लोहाऱ्याची ती सकाळ माझ्या तोंडून निघून गेली. म्हणालो, "सर, त्या दिवशी मी तुम्हाला पाहिलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणून तर मी हात खाली घेतला होता. गाडी ओळखली न तुमची."

मी कपबशीकडे पाहत बसलो. एवढ्यात त्यांची मुलगी आली. आता ती शाळेत जाते. माझं हेल्मेट उलटंपालटं करून पाहिलं तिने. तिला सांगितलं असावं की हे काका रोज यवतमाळहून येतात.

"काका, तुम्ही एवढ्या दूरून काहून येता?"

वहिनी तिला दटावायला लागल्या. मी म्हटलं, असू द्या. पण उत्तर काही दिलं नाही. पाऊस जरा उघडला तसा पार्टनरचा फोन आला, निघायचं का म्हणून. त्याचा आठवडा होता.