समुद्र दाखविताना

पेण आणि रोहा ही दोन्ही गावे समुद्राच्या वाटेवरची. समुद्रावरची मात्र नव्हेत. पेणच्या पश्चिमेस मिठागरे, खारबंदिस्तीची शेते आणि धरमतरची खाडी. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्यापाशी सागरास मिळते. पण तोपर्यंत तिचीही खाडी झालेली असते. आमच्याकडे भरती येते ती चिखलात. त्यामुळे वाळूचा किनारा घरचा वाटावा इतका आम्हांला जवळ नाही, आणि परका वाटावा इतका दूरही नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्या गृहस्थाकडे एक काम न मागता येते : आलेल्या पाहुण्यास कोणता समुद्र दाखवावा हे ठरविण्याचे.

दिवाळी उलटली की पाहुणे येऊ लागतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इथला सर्वांत चांगला किनारा कोणता?" प्रश्न साधा दिसतो, पण सर्वांत चांगले पुस्तक कोणते, या प्रश्नाइतकाच तो निरुत्तर करणारा आहे. वाचणारा कोण, हे कळल्यावाचून पुस्तक सांगता येत नाही. आणि पाहणारा कोण, हे कळल्यावाचून किनारा सांगता येत नाही.

वडखळला रस्ता फुटतो, तेथेच या निवडीला आरंभ होतो. उजवीकडचा फाटा अलिबागेस जातो. सरळ गेलेला रस्ता पुढे माणगावावरून श्रीवर्धन-हरिहरेश्वराकडे नेतो. वृद्ध मंडळी बरोबर असली की मी हरिहरेश्वर सुचवितो. कारण देवदर्शनाच्या निमित्ताने समुद्र पाहिला म्हणजे मौजेसाठी पैसे खर्चल्याची टोचणी त्यांच्या मनास लागत नाही. पक्ष्यांचा नाद असलेल्या मित्रास किहीमला धाडावे. सालिम अली यांनी 1930 साली तेथेच सुगरण पक्ष्याच्या संसाराचा अभ्यास केला, एवढे सांगितले की त्याचे डोळे लाटांवरून आपोआप झाडांकडे वळतात. इतिहासाची आवड असणाऱ्यास रेवदंडा. पोर्तुगिजांच्या पडक्या तटाच्या सावलीत बसावे, आणि पलीकडच्या कोर्लई गावात पोर्तुगीज भाषेपासून उपजलेली एक बोली आजही घरोघर बोलली जाते, हे नवल त्यास ऐकवावे. कोणाला कशाचीच विशेष आवड नसली, तर काशीद आहेच. तेथली पांढरी वाळू सर्वांनाच आवडते.

परंतु मनुष्य पाहून किनारा ठरविला म्हणजे काम संपले, असे नाही. आणखी एक पाहुणा विचारात घ्यावा लागतो, आणि तो म्हणजे समुद्र स्वतः. त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. आमच्याकडील जुन्या माणसांना त्या पंचांगावरून कळत. त्यांचे गणित असे : पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. आणि ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, आणि त्याच्यामागून भरतीही तेवढीच मागे सरते. एवढेच या पाऊणपटीचे रहस्य. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगात पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. हे सारे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या दृष्टीने एकाच गावाला एक किनारा नसतो. सकाळचा निराळा, दुपारचा निराळा, चतुर्थीचा निराळा, पौर्णिमेचा निराळा. पाहुणे मात्र तिथी न पाहता रविवार पाहून येतात.

पाहुण्यांच्या बाबतीत निवड थोडी चुकली, तर फार तर एक दुपार उन्हात जाते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तसे म्हणण्याची सोय नाही. 2016 च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. त्या वर्षापासून वर्गातील मुलांनी सहलीचे नाव काढले की माझ्या हातातील खडू क्षणभर थबकतो. मुले एकमुखाने काशीद मागतात. तेथली लाट जोराची आहे, हे मी सांगतो. आणि म्हणूनच ती त्यांना हवी असते.

एका वर्षी मी काशीदला नकार दिला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, पाण्यात उतरायचंच नसेल तर समुद्रावर जायचं तरी कशाला?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, आणि त्यास नियमावली वाचून उत्तर देणे मला प्रशस्त वाटेना. समुद्र दुरून दाखवून परत आणणे म्हणजे ग्रंथालयाच्या कपाटाची काच दाखवून पुस्तक वाचल्याचे समाधान मानण्यासारखेच आहे. तारुण्याला स्पर्श हवा असतो, आणि तो नाकारणाऱ्या शिक्षकाचा शब्द पुढच्या वेळी, त्याच्या पाठीमागे, मुळीच मानला जात नाही. भय वाटते ते नेमके या पाठीमागच्या वेळेचे.

मी पंचांग काढले. सहलीचा दिवस चतुर्थीचा पाडला आणि ठिकाण अलिबाग ठरविले. भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला. पहाटे अंधारात पेणहून निघावे लागले, तेव्हा बरीच कुरकुर झाली. परंतु आठच्या सुमारास पाणी मागे सरत गेले आणि कुलाब्याच्या किल्ल्याकडे जाणारी ओली वाट उघडी पडली, तशी कुरकुर थांबली. रात्री ज्यावरून लाटा गेल्या त्याच तळावरून मुले चालत होती. घोटाभर पाण्याची डबकी, खडकांना चिकटलेले शिंपले, आणि समोर आंग्र्यांच्या आरमाराचे ते ठाणे. चहूकडे खारे पाणी असूनही किल्ल्यातील विहिरीचे पाणी गोड आहे, याचे नवल करीत सगळे काठावर वाकले. प्रश्न विचारणारा तो मुलगा सर्वांच्या पुढे होता.

साडेनऊच्या सुमारास खारेपाटातून येणारी एक आगरी मुलगी माझ्याजवळ आली. ती वर्गात क्वचितच बोले. तटावरून खाली पाहत ती हळूच म्हणाली, "सर, पाणी फिरलंय. आता निघायला हवं." मी घड्याळाकडे पाहिले, तिने पाहिले नव्हते. तिचा शब्द मुलांनी माझ्या शब्दाहून लवकर मानला. आम्ही वाळूवर परतलो, आणि तासाभराने ती वाट कोठे होती हे कोणालाही बोटाने दाखविता आले नसते.

किनारे यापुढेही लोक वाळूच्या रंगावरून, आणि मिळणाऱ्या मासळीवरून निवडतील. त्यात वावगे काही नाही. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या बागा आडव्या केल्या. ते पाहिल्यापासून, जे पाहावयाचे ते वेळेवर पाहावे, असेही मला वाटते. पण 'सर्वांत चांगला किनारा कोणता?' असे आता कोणी विचारले, तर मी आधी दोन प्रश्न उलट विचारतो : बरोबर कोण आहे, आणि त्या दिवशी तिथी कोणती? पाहुणे हसतात. मी पंचांग उघडतो.