एक रात्र राजमाचीला

सहल कशी असते हे आपल्याकडे ठरूनच गेलेलं आहे. एक बस, दहा डबे, मुलांना बस लागते म्हणून बरोबर लिंबं आणि परतल्यावर धुण्याचा ढीग. त्या सहलीत बाईची जागा बदलते, काम बदलत नाही. घरी ओट्यापाशी उभी राहून वाढते, तिथे सतरंजीवर बसून वाढते, एवढंच!

आज सांगणार आहे ती सहल निराळी आहे. पाठीवर आपापली सॅक घ्यायची, पायी चालत डोंगरातल्या एका गावाला जायचं, रात्री तिथेच मुक्काम करायचा, सकाळी किल्ला बघायचा आणि खाली उतरायचं. कॉलेजातली मुलं हे दर शनिवार-रविवारी करतात. चाळिशी-पन्नाशीतल्या, जन्मात कधी डोंगर न चढलेल्या बायकांनाही ते जमतं, मात्र बेत नीट आखायला हवा. आमच्या सोसायटीतल्या सहाजणी गेल्या डिसेंबरात जाऊन आलो. त्यातल्या चौघींची ही पहिलीच खेप होती.

पहिल्या खेपेला राजमाचीच का? कारण लोणावळ्याहून तिथे जाणारी वाट लांब आहे, पण अवघड नाही. तुंगार्लीवरून साधारण पंधरा-सोळा किलोमीटर कच्चा गाडीरस्ता आहे. किरकोळ चढउतार, बराचसा रस्ता झाडीतून. धापा टाकायला लावणारा चढ फारसा कुठे नाही. वाटेच्या शेवटी उधेवाडी हे छोटंसं गाव आहे. गावातल्या घरांतून जेवणाची आणि झोपण्याची सोय होते, म्हणजे तंबू नको, स्टोव्ह नको, तांदूळ-डाळ वाहून न्यायला नको. शिवाय कोरड्या दिवसांत लोणावळ्याहून इथवर जीप येते. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला बरं वाटेनासं झालं, तर परतीची सोय आहे. नवख्या माणसाने जागा निवडताना ‘तिथे काय दिसतं’ याच्या आधी ‘तिथून लवकर परत कसं येता येईल’ हे विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला तिथे गर्दी लोटते, आणि पावसाळ्यात धबधब्यांसाठी. दोन्ही सुंदर, पण पहिल्या वेळी नकोत. पावसात ओढे रस्त्यावरून वाहतात आणि खडक शेवाळतात.

आता खरा चढ. तो लोणावळ्याला नाही, आपल्या उंबऱ्याशी आहे!

आमच्या शेजारच्या वहिनींच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. त्या बावीस वर्षांत घराबाहेर काढलेल्या रात्री त्यांनी आम्हाला बोटांवर मोजून दाखवल्या. माहेर, दोन बाळंतपणं, लग्नकार्यं आणि सासऱ्यांच्या आजारपणात हॉस्पिटलातला बाकडा. कामाशिवाय, नुसतं जायचं म्हणून एकही रात्र नाही. त्यांना “तुम्ही चला” म्हटलं तर पहिलं उत्तर आलं, “अहो, पण सांगू काय घरी?” पायांची भीती नव्हती, कारण शोधायचं होतं. शेवटी त्यांच्या सासूबाईंनीच प्रश्न सोडवला. “तू जा गं. कुकर लावता येतो मला अजून. आणि त्याला यायला नको का कधी?” हे ‘त्याला’ म्हणजे वहिनींचे यजमान, वय वर्षं पन्नास.

म्हणून सांगते, जाण्याच्या आदल्या दिवशी दोन दिवसांचा स्वयंपाक करून फ्रिज भरून ठेवू नका. थकून निघाल, आणि घरचेही काही शिकणार नाहीत. दूधवाल्याला सांगणं, औषधांच्या वेळा कागदावर लिहिणं, एवढं पुरे. त्याच कागदावर आपण कुठून कुठे जाणार, गावात कुणाकडे उतरणार, त्यांचा फोन आणि परतायची वेळ लिहून तो फ्रिजला चिकटवा. डोंगरात फोनची रेंज येते-जाते. संध्याकाळी फोन लागला नाही म्हणून घरच्यांनी घाबरू नये, हे आधीच बजावून ठेवा.

ज्यांना रक्तदाब, मधुमेह, दम्याचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि तयारी तीन आठवडे तरी हवी. रोज तासभर चालणं, मधूनमधून जिने चढणं-उतरणं. शेवटच्या आठवड्यात पाण्याच्या बाटल्या भरून सॅक पाठीवर घ्यायची आणि तसंच चालायचं. आमच्या टेकडीवर लोक वळून बघत होते. बघू देत! नवे बूट याच दिवसांत घालून मळवायचे. थेट सहलीला काढले तर फोड ठरलेले. पायाची नखं दोन दिवस आधी कापा. उतरताना ती बुटाला टोचतात.

सॅक भरणं हा मोठाच विषय आहे. वर्षानुवर्षं आपण सगळ्यांचं सामान भरत आलो. ‘असू दे, लागलं तर’ म्हणत भरायची सवय हाडीमांसी खिळलेली. इथे ते ‘असू दे’ आपल्याच खांद्यावर बसतं. नवख्या बाईने पाण्यासकट पाच-सहा किलोंच्या वर जाऊ नये. त्यात अडीच-तीन लिटर पाणी म्हणजे अडीच-तीन किलो तिथेच संपले. उरलेल्यात रात्रीचा एक कपड्यांचा जोड, स्वेटर, कानटोपी, मोज्यांचा जादा जोड, पातळ चादर, टॉर्च, शिट्टी, ताट-वाटी-पेला, नेहमीची औषधं, पट्ट्या, जलसंजीवनीची पाकिटं. अंथरूण-पांघरूण यजमानांकडे मिळतं का, किती जणींचं मिळतं, हे फोनवर विचारून घ्या. जेवणाचे दरही तेव्हाच ठरवा. जड वस्तू सॅकमध्ये पाठीलगत आणि मधोमध ठेवायच्या, चादर तळाला, टॉर्च आणि खाऊ वरच्या कप्प्यात. हात मोकळे हवेत, खांद्याला पर्स लटकवू नका. सोन्याच्या बांगड्या घरी.

कपडे म्हणाल तर सलवार-कमीज किंवा ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. जीन्स नको, भिजली की लवकर वाळत नाही. (उधेवाडीच्या वाटेवर एक आजी डोक्यावर मोळी आणि पायात साध्या चपला घालून आमच्या पुढे निघून गेल्या, तेव्हा आमच्या बुटांचं कौतुक जरा कमी झालं!)

वाटेत खायला दशम्या उत्तम. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, नीट भाजलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दुपारपर्यंत मऊ राहते. सोबत भाजके शेंगदाणे, गूळ, संत्री. चिक्की लोणावळ्यालाच घ्या. केळी सॅकमध्ये चेंगरतात. माकडं दिसली की पिशवी हातात धरून खात बसू नये.

एक गोष्ट आपण एकमेकींनाही कुजबुजून विचारतो, ती इथे मोकळेपणाने सांगते. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका. डोकं दुखतं, पायात गोळे येतात. वाटेत झाडी आहे, दोघी-दोघींनी जावं, पाण्यापासून दूर. बागेतलं छोटं खुरपं बरोबर असलं तर खड्डा करून माती लोटता येते. मुक्कामाच्या घरी संडास आहे ना, हे फोनवरच विचारायचं, लाजायचं नाही. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड बरोबर ठेवा, आणि वापरलेले कागदात गुंडाळून परत शहरात आणा. गावात ते टाकायला जागा नसते.

आम्ही सकाळी आठला लोणावळ्याहून निघालो. दर तासाला दहा मिनिटं थांबत, सगळ्यांत हळू चालणारीला पुढे ठेवून, दीडच्या सुमाराला उधेवाडीत पोचलो. वाटेला फाटा दिसला की गुराख्याला विचारून घ्यायचं, अंदाज बांधायचा नाही. जेवायला गरम भाकरी, पिठलं आणि ठेचा होता. आपण न केलेलं, आणि कुणी “अजून घ्या” म्हणत वाढलेलं!

संध्याकाळी गावाजवळच्या तळ्यावर गेलो. काठाला शंकराचं जुनं दगडी देऊळ आहे. अंधार पडला तशी थंडी वाढली. वहिनींनी चार वेळा फोन वर धरून रेंज शोधली. शेवटी अंगणाच्या एका कोपऱ्यात ती मिळाली, आणि घरून पहिला प्रश्न आला तो कुकरच्या जादा रिंगचा. “ओट्याखालच्या दुसऱ्या खणात,” वहिनी म्हणाल्या, आणि फोन बंद करून ठेवून दिला. मग रात्री उशिरापर्यंत अंगणात बसल्या. झोपायला बोलावलं तर म्हणाल्या, “तुम्ही झोपा. मला उद्या कुणाचा डबा नाही.”

रात्री बाहेर जाताना बूट घालून आणि टॉर्च लावूनच जायचं. सकाळी बूट झटकून मगच पाय घालायचा.

किल्ल्यासाठी पहाटे निघावं. सॅक गावात ठेवून नुसतं पाणी घ्या. राजमाचीला दोन बालेकिल्ले आहेत, श्रीवर्धन आणि मनरंजन. दोन्हींच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ. श्रीवर्धन उंच, तो करावाच. वर पाण्याची टाकी आहेत, आणि एका बुरुजाला आतून दुहेरी भिंत आहे, त्याला चिलखती बुरूज म्हणतात. बोरघाटावर नजर ठेवणारा हा किल्ला. १६५७ साली तो शिवाजीमहाराजांकडे आला आणि १८१८ साली इंग्रजांकडे गेला. वरून उल्हास नदीचं खोल खोरं, पलीकडे ढाक आणि दूरवर माथेरान दिसतं. कड्याच्या टोकाशी उभं राहून फोटो काढण्याचा मोह मात्र आवरा.

परतीच्या दोन वाटा. गुडघे कुरकुरत असतील तर जीपने लोणावळा गाठा, त्यात कमीपणा नाही. आमच्यातल्या दोघींनी तेच केलं. बाकीच्या कोंदिवड्याकडे उतरलो. ही वाट उभी आहे, घसरड्या मुरुमाची. उतरायला तीन तास धरा आणि हातात काठी असू द्या. पायथ्याच्या बाजूला जंगलात कोंडाणे लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी, लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात केलेली. तिथल्या एका मूर्तीजवळ ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलाक याने हे केलं, असा त्याचा अर्थ. कोंदिवड्याहून रिक्षाने कर्जत स्टेशन गाठता येतं, आणि तिथे वडा खाल्ल्याशिवाय गाडीत बसायचं नसतं.

घरी आल्यावर सॅक उलटी करून उन्हात टाका. मोजे लगेच भिजवा, तांबडी माती नंतर निघत नाही. दुसऱ्या दिवशी जिना चढताना काही वाटत नाही, उतरताना मात्र पोटऱ्या बोलतात. कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसा, आणि दोन दिवस कठडा धरून उतरा.