येळवशीचा नाताळ

परळी वैजनाथहून विकाराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर घाटनांदूर नावाचे स्थानक आहे. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातले हे गाव. परळीच्या ज्योतिर्लिंगाला आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीला येणाऱ्या भाविकांना हा परिसर परिचयाचा आहे. आम्ही वसईकर तेथे गेलो ते मात्र यात्रेसाठी नव्हे. आमची धाकटी बहीण तेथे परिचारिकेची नोकरी करीत होती व सन २००० च्या नाताळात तिला रजा मिळाली नाही, एवढेच कारण. त्या पावसाळ्यात आमची आई वारली होती. दुखवट्याच्या घरात नाताळचा फराळ व्हायचा नव्हता, गव्हाणी मांडण्याची कोणाला उमेद नव्हती. निदान आईची लेकरे तरी एकत्र असावीत म्हणून आम्ही उभयता दोन मुलांसह निघालो.

निघण्यापूर्वी हवापाण्याची चौकशी करणारे पत्र बहिणीला धाडले होते. तिचे उत्तर मोठे मासलेवाईक होते. मे महिन्यात येऊ नका, उन्हाने वाटेत भाजून निघाल. जून-जुलैत येऊन पाऊस पाहू म्हणाल तर तो भेटेलच असे नाही. सप्टेंबरात परतीचा पाऊस पडला तर नवरात्रात योगेश्वरीच्या उत्सवाला माळ हिरवे दिसतात. डिसेंबर मात्र उत्तम. दिवसा कोवळे ऊन, रात्री दोन गोधड्यांची थंडी. आणि शेवटी एक ओळ : "पण तेव्हा अर्धे गाव रिकामे असते."

या ओळीचा अर्थ तेथे गेल्यावर उमगला. वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आम्ही त्याला कंटाळतो. बालाघाटच्या या पठारावर तो सातशे-आठशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. १९७२ चा दुष्काळ तेथील वृद्धांच्या बोलण्यात काल घडल्यासारखा येई. (पुढे एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा आम्हांला ती बोलणी आठवली.) अशा भूमीत कोरडवाहू शेतकऱ्याचे पोट शेतावर भरत नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', ऊसतोडीसाठी सांगली-कोल्हापूरकडे, थेट कर्नाटकापर्यंत निघते. ती परतते कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या आगेमागे. म्हणजे पाहुण्यांनी यावे अशी जी सुखद हवा, तीच गावकऱ्यांनी जावे अशी.

आगमनकाळाचा चौथा रविवार गाडीतच गेला. संध्याकाळी पोहोचलो तो बहिणीची रात्रपाळी. ख्रिस्तजन्माला दोन सहस्र वर्षे झाल्याचे ते जयंतीवर्ष, साऱ्या जगात त्याचा सोहळा चाललेला, आणि आम्ही मध्यरात्रीच्या मिस्साला मुकून भाड्याच्या एका खोलीत कंदील लावून जपमाळ म्हणत बसलो. आईच्या हयातीत असे कधी घडले नव्हते. अपराधी वाटत होते. बाहेर चंद्र नव्हता. अमावस्येच्या काळोखात तारे मात्र असे दाट, की मुले अंगणातून आत यायला तयार होईनात.

सकाळी घरमालकीण आजी दारात उभी राहिली. "सिस्टरची मान्सं ना तुमी? आज येळवस हाय. चूल पेटवू नगा. शेतावर चला." (बहिणीला सारे गाव 'सिस्टर' म्हणे. आमच्या धर्मग्रामात हा शब्द मठातल्या भगिनींसाठी राखून ठेवलेला, त्यामुळे मुलांना त्याची भारी गंमत वाटली.)

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्ष वद्य अमावस्या. कानडीत येळ म्हणजे सात. ज्येष्ठापासूनची ही सातवी अमावस्या, असा उलगडा तिकडचे लोक सांगतात. लातूर-धाराशिवकडे व अंबाजोगाईच्या या भागात त्या दिवशी गाव ओस पडते. सारे शेतात, आणि वाटेने जाणारा अनोळखी माणूस दिसला तरी त्याला हाक मारून जेवायला बसवायचे, अशी रीत. ज्वारी कणसात आली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. आजीच्या थोरल्या मुलाने कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून एक खोपटे केले होते. त्याला कोप म्हणतात. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांची पूजा झाली, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातले आंबट आंबील यांनी पाने भरली. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे कोवळे दाणे व मिळेल ती भाजी एकत्र शिजवून केलेला तो कालवणाचा प्रकार. आईच्या मृत्यूनंतर पोटभर जेवलो ते त्या दिवशी.

धाकटा मुलगा कोपाकडे पाहत एकदम म्हणाला, "पप्पा, ही तर गव्हाणी!" आजीने विचारले, पोर काय म्हणते? आज आमच्या प्रभूचा जन्मदिवस, आम्ही सांगितले. नावनोंदणीसाठी आईबाप परगावी गेले होते, उतारा मिळाला नाही, बाळ गोठ्यात जन्मले. आजी हातातले काम थांबवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आन् त्या बाळंतिनीला खायाला कुनी घातलं?"

आम्ही निरुत्तर झालो. मेंढपाळ आले, ज्ञानी लोक सोने, ऊद आणि गंधरस घेऊन आले, हे बालपणापासून ऐकले होते. पवित्र मरियेच्या ताटाविषयी लूक काही लिहीत नाही, आणि आम्हांलाही तो प्रश्न कधी पडला नव्हता.

परतताना बहिणीने सांगितले. आजीची धाकटी सून धाकट्या मुलाबरोबर तोडीवर गेली होती. सातवा महिना लागताना गेली. तोडीवरची माणसे फडाजवळ पाचटाच्या, ताडपत्रीच्या खोपीत राहतात, तिलाही कोपीच म्हणतात. बहिणीने तिला जाऊ नको म्हणून बजावले होते. पण उचल घेतलेली होती. सून नसताना आजीने यंदा येळवशीचे सारे एकटीने रांधले होते.

त्या रात्री जपमाळेत आमच्या पत्नीने आईच्या आत्म्यासाठी एक दशक म्हटले आणि दुसरे त्या सुनेसाठी, तिचे नावही ठाऊक नसताना.

वेळ अमावस्या दर वर्षी नाताळाला येत नाही. ती डिसेंबर-जानेवारीत पुढेमागे सरकते. एकोणीस वर्षांनी चंद्र फिरून साधारण त्याच तारखांना येतो; २०१९ साली अमावस्या २५ डिसेंबरला लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होते.

२००१ च्या पाडव्यानंतर बहिणीचे पत्र आले. टोळी परतली होती. सुनेला फेब्रुवारीत कोपीतच मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या. शेजारच्या कोपीतल्या बायकांनी आळीपाळीने तिला भाकरी करून घातली, हे आजी सगळ्या गावाला सांगत होती, आणि "सिस्टरच्या भावाला बी कळव" म्हणून तिने मुद्दाम निरोप दिला होता.