भाऊच्या धक्क्याशेजारची गोदी

खांबच्या नाक्यावर मुंबईची वाट विचारलीत तर कुणीही उत्तरेकडं हात दाखवतं आणि त्याच दमात रस्त्याला चार शिव्या हासडतं. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण या पट्ट्यात दहा वर्षांहून अधिक रेंगाळलं, आणि सुकेळीच्या खिंडीतला प्रवास हा रोहे तालुक्यात गप्पांचा हक्काचा विषय होऊन बसला. मी पनवेलची वाट धरली नाही. नागोठणं, वडखळ, तिथून डावीकडं वळून धरमतरचा पूल, पोयनाड आणि मांडवा. मांडव्याहून रो-रो बोट थेट माझगावला, भाऊच्या धक्क्याला लागते.

वळसा वाटेल, पण जुनी वाट पाण्याचीच. रोह्याला रेल्वे आली १९८०च्या दशकात. त्याआधी इकडची माणसं धरमतरला येऊन लाँच पकडायची. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून (रायगड हे नाव १९८१चं) पोट भरायला मुंबईला गेलेल्यांना काम मिळायचं ते बहुधा गिरणीत नाहीतर गोदीत. मला त्याच गोदीकडं जायचं होतं. १४ एप्रिल १९४४ रोजी, शुक्रवारी दुपारी, ती गोदी उडाली.

मांडव्याहून बोट निघाली की तासाभरात मुंबई समोर येते. उजव्या हाताला जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, डावीकडं नौदलाच्या करड्या बोटी. डेकवर सेल्फींची गर्दी. मी मात्र या पाण्यावरच्या आकाशाचा विचार करत होतो, कारण दुसऱ्या महायुद्धात मुंबईचे डोळे तिकडंच लागले होते. जपान्यांनी २३ डिसेंबर १९४१ला रंगूनवर बॉम्ब टाकले. रस्त्यावर उभं राहून विमानं बघणारी माणसं शेकड्यांनी मेली. त्यांत हिंदी मजूर पुष्कळ. एप्रिल १९४२मध्ये कोलंबो, दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम आणि काकिनाडा. डिसेंबर १९४२पासून कलकत्ता. ५ डिसेंबर १९४३ला तर भर दिवसा कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीवर हल्ला झाला, आणि तिथंही मेले ते मुख्यतः गोदीतले मजूर. मुंबईत दिव्यांना काळे कागद लागले, काचांवर पट्ट्या चिकटल्या, भोंगे बसले, एआरपीचे, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाच्या दलाचे, वॉर्डन गल्लीबोळांत फिरू लागले. सगळी तयारी वरून येणाऱ्या बॉम्बची.

तो बॉम्ब मुंबईवर कधीच पडला नाही. आला तो समुद्रातून, सरकारी परवानगीनं आणि पायलट बोटीच्या मागोमाग.

‘फोर्ट स्टिकीन’ हे ७,१४२ टनांचं मालवाहू जहाज २४ फेब्रुवारीला इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, स्पिटफायर विमानं आणि सोन्याच्या १२४ विटा. वाटेत कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत कापसाच्या ८,७०० गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, भंगार भरलं गेलं. स्फोटकांच्या जोडीला कापूस आणि तेल! आमच्याकडं पेंढ्याच्या उडवीजवळ कुणी चूलसुद्धा पेटवत नाही. एरवी असा माल बंदरात आणायचा नाही, दूर उभं राहून पडावांत उतरवायचा, अशी रीत होती. युद्धाच्या घाईत ती बाजूला पडली. १२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागलं.

बोटीवरून उतरून मी पी. डिमेलो रोडला लागलो. पूर्वीचा हा फ्रिअर रोड. आता त्याला गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव आहे. दक्षिणेकडं चालू लागलं की डावीकडं बंदराची लांबच लांब भिंत, उजवीकडं मशीद बंदर. एका गेटवर पहारेकऱ्यानं विचारलं, “पास आहे का काका?” नव्हता. “मग आत काय बघणार? पाणीसुद्धा राहिलं नाही आता.” खरं आहे. १८८०ची प्रिन्सेस आणि तिच्या शेजारची व्हिक्टोरिया, दोन्ही गोद्या अलीकडच्या काळात भर टाकून बुजवल्या. जिथं आगीचे बंब जहाजात पाणी ओतत होते तिथं आता कोरडी जमीन आहे.

त्या दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या फाळक्यातून धूर दिसला. बंबवाल्यांनी नऊशे टनांहून अधिक पाणी आत सोडलं, पण दाट धुरात आगीचं मूळ सापडेना. पोलादाचे पत्रे तापले, आतलं पाणी उकळू लागलं. जहाज तिथंच बुडवावं की ओढून समुद्रात न्यावं, हे ठरवायला हाताशी दोन तास होते. अधिकारी पुष्कळ होते, निर्णय कुणीच घेतला नाही. आणि शेजारच्या धक्क्यांवर, इतर जहाजांवर, गोदामांत मजूर आपापलं काम करत होते, कारण पेटलेल्या जहाजात काय भरलंय ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत अक्षम्य वाटते ती ही गोष्ट. आग अपघात असेल. जहाजातला माल मजुरांपासून लपून राहणं अपघात नव्हता.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. अर्ध्या तासानं दुसरा, त्याहून मोठा. बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्क्याची नोंद झाली. ‘जलपद्म’ नावाचं चार हजार टनांचं जहाज पाण्यातून उचललं जाऊन धक्क्यावर आलं. पेटलेल्या कापसाचे बोळे मांडवी, दाणाबंदर, मशीद बंदरवर पडू लागले. लोकांनी वर पाहिलं आणि त्यांना एकच सुचलं: जपानी आले.

दाणाबंदराच्या गल्ल्यांत आजही हातगाड्यांतून वाट काढावी लागते. डोक्यावर पोती, खाली सांडलेले हरभरे, मिरचीचा ठसका. त्या दिवशी या भागातलं ५५ हजार टन धान्य जळालं, आणि तेही बंगालमध्ये माणसं भुकेनं मेल्याला वर्ष होतंय न होतंय तोवर. ८० हजार लोकांचा निवारा गेला, सुमारे ५० हजारांची रोजी गेली. जखमी अडीच हजार. सोन्याची एक वीट तर दीडेक किलोमीटरवर एका पारशी गृहस्थाच्या व्हरांड्यात येऊन पडली, आणि त्यानं ती प्रामाणिकपणे परत केली. मुंबईत हा स्फोट लोकांना आठवतो तो बहुतेक या विटेमुळं. विटा मोजून होत्या, म्हणून त्यांचा हिशोब लागला.

माणसांचा लागला नाही. मृतांचा आकडा कुठं ८००, कुठं १,३००. मधली पाचशे माणसं कोण? मुंबई गोदीत तेव्हा बहुतांश मजुरी टोळीवाल्यामार्फत चाले. सकाळी गेटवर उभं राहायचं, टोळीवाल्यानं निवडलं तर आत. कंपनीच्या वहीत मजुराचं नाव असेलच असं नाही. गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा आला १९४८ला, मुंबईत डॉक लेबर बोर्ड झालं १९५१ला. स्फोटात गेलेल्या हमालासाठी दोन्ही उशिरा आले.

बातमीही अशीच दडपली गेली. जगाला ती पहिल्यांदा सांगितली जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं, १५ एप्रिललाच. ब्रिटिश सेन्सॉरनं बातमीदारांना मजकूर बाहेर पाठवू दिला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर आठ हजार माणसं राडारोडा उपसायला लागली होती. सुमारे पाच लाख टन मलबा काढून गोदी पुन्हा चालती करायला सात महिने लागले.

संध्याकाळी भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात गेलो. त्या आगीत गेलेल्या ६६ जवानांचं स्मारक इथं आहे. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. त्यांचा मान योग्यच आहे; पहिल्या स्फोटाच्या वेळी ते पेटलेल्या जहाजाला भिडून उभे होते. पण गोदीत मेलेल्या मजुरांच्या नावांची अशी पाटी मला वाटेत कुठं दिसली नाही.

पेण, रोहे, नागोठणं, खांब या भागातल्या वाचकांना म्हणून एक विनंती. तुमच्या घरात एखादे आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा मुंबईच्या गोदीत होते आणि चव्वेचाळीस सालानंतर परत आले नाहीत अशी काही आठवण असेल, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला या महिन्यातच विचारा. नाव, गाव, टोळीवाला कोण, काम कुठल्या गोदीत, जे सांगतील ते तारीख घालून वहीत लिहा आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या वाचनालयात ठेवा.