तलावांच्या साध्या फायली

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातल्या मामा तलावांची माहिती लिहून ठेवण्याचे काम मी करतो. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. १९५१ साली मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत संपली आणि हे तलाव सरकारकडे गेले. पाण्यावरचे, मासेमारीवरचे गावाचे हक्क निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या महसुली नोंदींत थोडेफार सापडतात. बाकीची जाण जुन्या कोहळी शेतकऱ्यांकडे आणि ढिवर मच्छीमारांकडे राहिली. तुडुम, म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे दार, उघडला की पाणी आधी कोणाच्या बांधीत (धानाच्या शेतात) जायचे, गाळ कसा काढायचे, बेशरम ही वनस्पती कधीपासून माजली, मरळ मासा कोणत्या काठाला पिल्ले राखतो. "लिहून ठेव गा, आमच्या मागं कोन सांगनार?" असे एक ढिवर काका म्हणाले आणि या कामाला घाई आहे हे मनात पक्के बसले.

कशात लिहायचे, हे वडिलांच्या लेखांनी शिकवले. ते शिक्षक होते. दंडार या लोकनाट्यावरचे त्यांचे लेख नव्वदच्या दशकात संगणकावर टंकून घेतलेले होते. आज त्या फायली उघडल्या की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे तेवढी दिसतात. त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवायचे. फॉन्ट गेला की मराठीही जाते. युनिकोडने १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले. त्यामुळे युनिकोडमध्ये लिहिलेली साधी टेक्स्ट फाईल नोटपॅडमध्ये, स्वस्तातल्या मोबाइलवर, कुठेही मराठीतच उघडते. ना ठरावीक ॲप लागते, ना वर्गणी, ना नेटवर्क.

माझी पद्धत सोपी आहे. एका तलावाला एक फाईल, फाईलला गावाचे नाव. वर नेहमीच्या ओळी: पाळ, तुडुम, सांडवा, मासे, झाडे. त्याखाली तारीखवार नोंदी. तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि महिना-दिवसाचे आकडे नेहमी दोन घरांचे, म्हणजे नोंदी क्रमाने लावायला सोप्या जातात. विषयाची खूण नोंदीच्या शेवटी: #गाळ, #रोवणा (धानाची लावणी), #बेशरम. ठळक अक्षरे नाहीत, रंग नाहीत, तक्ते नाहीत. लक्ष सगळे सांगणाऱ्याच्या बोलण्याकडे राहते.

ते बोलणे इथल्या झाडीबोलीतले असते, आणि मी ते तसेच लिहितो. 'पानी' असे ऐकले तर 'पानी', आणि नोंदीच्या शेवटी #पाणी, म्हणजे शोधताना दोन्ही हाती लागतात. 'म्हाताऱ्या'तला ऱ्य वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या तऱ्हेने साठवतात. डोळ्याला सारखाच दिसतो, पण शोधात निसटतो. म्हणून मी 'म्हाता' एवढेच शोधतो.

या फायलींचा खरा उपयोग एका गावच्या बैठकीत झाला. शेतकऱ्यांना रब्बीसाठी पाणी हवे होते, मच्छीमार संस्थेला माशांपुरते पाणी तलावात राहायला हवे होते. पूर्वी कुठवर पाणी सोडायचे, यावर वाद पेटला. मी सगळ्या फायलींत एकदम 'तुडुम' शोधला. त्या गावच्या आणि शेजारच्या गावांच्या जाणत्यांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलेले एकाखाली एक आले. ते वाचून दाखवले तेव्हा दोन्हीकडची माणसे ऐकत राहिली, कारण बोलणारे त्यांचेच आजोबा-काका होते. वाद त्या दिवशी मिटला नाही, पण चर्चा आठवणींच्या भांडणातून बाहेर पडून पाण्याच्या पातळीवर आली.

या फायली जागाही फार घेत नाहीत. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा मात्रा, साठवायला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने दोन हजार चिन्हांचे पान सहा किलोबाइटचे, आणि अशी हजार पाने सुमारे सहा मेगाबाइटची, म्हणजे मोबाइलवरच्या एखाद-दोन फोटोंएवढी. म्हणून पूर्ण फोल्डर मी मच्छीमार संस्थेत दिले आहे आणि ग्रामपंचायतीच्या संगणकावरही ठेवले आहे. गावाने सांगितलेले गावाला हवे तेव्हा वाचता आले पाहिजे, माझी वाट न पाहता. संस्थेतली तरुण मुले आता आपल्या तलावाच्या नोंदी स्वतःच लिहू लागली आहेत, आणि त्यांना मी एवढेच सांगतो: सांगणारा आहे तोवर विचारा, आणि त्याच दिवशी लिहा.