पलंगाशेजारची खाट

नातीच्या आगमनाबरोबर घरात एक प्रश्नही आला: बाळाला रात्री निजवायचे कुठे? माळ्यावरचा सागवानी पाळणा तीन पिढ्यांचा. तो डावलणे मनाला रुचेना. परंतु सुनेची प्रसूती शस्त्रक्रियेने झालेली. टाके ओले असताना रात्री चार-चार वेळा उठून, वाकून बाळ उचलणे तिला कसे झेपावे?

अखेर पलंगाला जोडता येणारी छोटी खाट आणण्याचे ठरले. तिची एक बाजू खाली उतरते आणि आईला बसल्या जागीच बाळ जवळ घेता येते. निदान पहिले ६ महिने बाळाने आईच्या खोलीत, पण स्वतंत्र अंथरुणावर, उताणे निजावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. गादी सपाट व घट्ट हवी. उशी, दुलई, मऊ खेळणी जवळ नकोत. दुकानात आम्ही गजांमधील अंतर मोजले, ते ६ सेंटीमीटरहून कमी होते. खाट व पलंग यांच्यामध्ये फट राहत नाही, पट्टे पक्के बसतात, हेही पाहून घेतले.

पाळणा बारशाला सजला. नातीचे नाव त्यातच ठेवले. घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या आठवणींइतकाच बाळंतिणीच्या थकल्या देहाचाही विचार करावा, एवढेच सांगावेसे वाटते.